ट्रेलर-ट्रकचं स्टेअरिंग ढिलं झालंय? झिजलेले पार्ट बदलायचा बरोबर क्रम

स्टेअरिंगला प्ले (म्हणजे ढिली, मोकळी हालचाल) आला की बहुतेक जण पहिला हात स्टेअरिंग बॉक्सला (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीला) घालतात, वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू थोडा आवळतात, स्टेअरिंगचं चाक हाताला घट्ट लागलं की गाडी लोडला पाठवतात. हे चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे. सात-आठ लाख किलोमीटर चाललेल्या ट्रकमध्ये प्ले एका जागी नसतोच, तो किंग पिनमध्ये (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) थोडा, टाय रॉड एंडमध्ये (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) थोडा, ड्रॅग लिंकमध्ये (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) थोडा असा वाटलेला असतो आणि सगळा मिळून स्टेअरिंगच्या चाकावर हाताला लागतो. स्क्रू आवळून त्यातलं काहीच जात नाही, उलट बॉक्स मधल्या जागी जड होतो, वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही आणि ड्रायव्हर दिवसभर गाडी डावी-उजवीकडे सावरत बसतो.

म्हणून इथे मुख्य भर क्रमावर आहे. आधी गाडी जमिनीवर उभी असताना प्ले शोधायचा, मग रस्त्यावरच्या चाकाकडून बॉक्सकडे यायचं: किंग पिन, टाय रॉड, ड्रॅग लिंक, ड्रॉप आर्म (बॉक्सवरचा आर्म, जो ड्रॅग लिंक ढकलतो), बॉक्स, स्टेअरिंगपासून बॉक्सपर्यंतचा शाफ्ट. शेवटी स्टॉप (चाक किती वळेल ते अडवणारे बोल्ट), हायड्रॉलिक कटऑफ (टोकाला पॉवर स्टेअरिंगचा जोर कापणं) आणि टो (पुढची चाकं समोरून किती आत किंवा बाहेर कलली आहेत ते माप). हे सगळं सरळ बीम अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगवाल्या हेवी ट्रकसाठी आहे. टॉर्कचे आकडे त्या त्या अ‍ॅक्सलच्या आणि बॉक्सच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा इथे चालत नाही.

तयारी

ट्रेलर सोडून ठेवा. गाडी सपाट, पक्क्या काँक्रीटवर घ्या, पार्किंग ब्रेक लावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढच्या अ‍ॅक्सलवर साधारण साडेपाच टनांपर्यंत वजन येतं, त्यामुळे जॅक आणि स्टँड त्या वजनाचेच पाहिजेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

हत्यारांमध्ये डायल गेज, फीलर गेज, मोठा टॉर्क रेंच, टाय रॉड एंडचा पुलर, ड्रॉप आर्मचा पुलर, किंग पिन काढायचा हायड्रॉलिक प्रेस, बुशला लागत असेल तर रीमर, पितळी ड्रिफ्ट, दोन वजनदार हातोडे, हाताने चालवायची ग्रीस गन, पेंट मार्कर आणि डोळ्यांचा चष्मा एवढं जवळ ठेवा. नवीन स्प्लिट पिन आणि नवीन लॉक नट आधीच आणून ठेवा. काम संपत आलं आणि स्प्लिट पिन नाही म्हणून जुनीच वाकडी करून घातली, हे फार ठिकाणी चालतं आणि अजिबात चालू नये.

काम सुरू करायच्या आधी सगळे सांधे धुऊन पुसून घ्या, पण ते धुवायच्याही आधी एकदा नीट बघा. ज्या टेपरच्या (सांध्याचा निमुळता स्टड आर्मच्या भोकात बसतो ती जागा) कडेला लालसर तपकिरी पूड जमलेली दिसते तिथे स्टड आर्मच्या भोकात हलतोय. ही खूण धुण्यात निघून जाते आणि मग पुढे सापडत नाही.

टप्पा १: गाडी जमिनीवर असताना प्ले शोधा

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, लोक गाडी उचलून मगच सांधे हलवून बघतात. चाकं हवेत असली की सांध्यावर लोड नसतो, ड्रॅग लिंकमधला आणि बॉक्सच्या माउंटिंगमधला प्ले मग दिसतच नाही.

चाकं जमिनीवर सरळ ठेवा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, एक माणूस केबिनमध्ये बसवा. त्याने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडंसंच हलवत राहायचं, टायर वळायला लागेल इतकंच. दुसऱ्याने खाली राहून एकेका सांध्यावर बोट ठेवत जायचं. बोटाला जो खटका लागतो तो डोळ्याला बऱ्याचदा दिसत नाही. क्रमाने बघा: केबिनखालचे यू-जॉइंट आणि स्लिप शाफ्ट, बॉक्सचे माउंटिंग बोल्ट, ड्रॉप आर्म आणि शाफ्टमधली जागा, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, वरचा स्टेअरिंग आर्म, टाय रॉडची दोन्ही टोकं, टाय रॉडचे क्लॅम्प. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, हा तुकडा हलल्यावर पुढचा लगेच हलतोय का उशिरा?

बॉक्सकडे शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म उशिरा हलतोय, आणि त्याच वेळी बॉक्स फ्रेमवर घट्ट आहे, असं असेल तरच दोष बॉक्सच्या आतला.

स्टेअरिंगच्या चाकाच्या रिमवर किती प्ले चालतो? अमेरिकेच्या फेडरल नियमात पॉवर स्टेअरिंग आणि २० इंची स्टेअरिंगला ५ १/४ इंच, म्हणजे १३३ मिमी ही शेवटची मर्यादा आहे. पण हा आकडा गाडी रस्त्यावरून उतरवायचा आहे, दुरुस्तीसाठी वाट बघायचा नाही. तिथे पोचायच्या कितीतरी आधी काम काढा.

सावधान: इंजिन चालू असताना खाली असलेल्या माणसाचा हात ड्रॅग लिंक आणि स्प्रिंगच्या मध्ये येता कामा नये. केबिनमधल्या माणसाने आवाज दिल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

टाय रॉड एंड तपासताना फक्त हाताचा जोर लावा. पाइप पाना किंवा ग्रिप प्लायर लावून सांधा पिळला तर नवीन सांधासुद्धा आतल्या स्प्रिंगवर थोडा हलतो आणि चांगला पार्ट फुकट बदलला जातो. इंजिन बंद करून, चाकं सरळ ठेवून, हाताने वर-खाली आणि मागे-पुढे ढकला. हालचाल १/८ इंच म्हणजे ३ मिमी किंवा जास्त असेल तर गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. त्याच्या निम्म्यावर असेल तर याच खेपेला बदला. बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटलेला आणि आत माती गेलेली असेल तर प्ले नसला तरी बदला, तो सांधा फार दिवस टिकणार नाही.

टप्पा २: गाडी उचला, किंग पिन तपासा

अ‍ॅक्सल बीमखाली जॅक लावून स्टँडवर घ्या. टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. इथे व्हील बेअरिंगचा प्ले आणि किंग पिनचा प्ले एकमेकांत मिसळतो, म्हणून आधी ब्रेक सोडून हलवून बघा, नंतर केबिनमधल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल गेली तर ती बेअरिंगची होती, राहिली तर किंग पिनची. ब्रेकला पुरेशी हवा आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर ही तपासणी व्यर्थ.

मग डायल गेज बीमवर बसवून सुई नकलच्या (किंग पिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) वरच्या बुशजवळ लावा, टायर परत हलवा, आकडा लिहा. तसंच खालच्या बुशला. बऱ्याच अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा १० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे ०.२५ मिमी असते. वर-खाली प्ले नकलचा वरचा भाग आणि बीम यांच्या फटीत फीलर गेज घालून मोजा.

तपासा: ग्रीस गन मारल्यावर वरच्या बुशमधून ग्रीस बाहेर येतं आणि खालून येत नाही असं असेल तर खालचा रस्ता बुजलेला आहे आणि खालचा बुश बराच काळ कोरडा चाललाय. अशा गाडीत आकडा मर्यादेत असला तरी मी किंग पिन उघडायला सांगेन.

याच वेळी स्प्रिंगचे बुश, यू-बोल्ट आणि शॉकही बघून घ्या. यू-बोल्ट ढिले असतील तर अ‍ॅक्सल स्वतःच सरकतो आणि बाकी सगळं नवीन घातलं तरी गाडी भटकतच राहते.

टप्पा ३: सोडण्याआधी खुणा आणि मापं

चाकं अगदी सरळ करा आणि स्टेअरिंग मधोमध आहे का बघा. ड्रॉप आर्म आणि शाफ्टवरच्या टायमिंगच्या खुणा जुळतात का बघा, दिसत नसतील तर पेंटने स्वतःची खूण करा. यू-जॉइंटचे योक कसे बसलेत त्याची खूण करा. टाय रॉडचं माप एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्या स्टडच्या मध्यापर्यंत घ्या, आणि ड्रॅग लिंकचंही तसंच. नुसते आटे मोजून भागत नाही, नव्या एंडची लांबी जुन्यापेक्षा वेगळी असू शकते.

सध्याचा टो पण मोजून लिहून ठेवा. टायरच्या कडांवर हात फिरवून करवतीसारखी धार लागते का तेही टिपून घ्या, शेवटी टायरच्या जागा आपापसात बदलायच्या का टायरच नवे घालायचे ते त्यावरून ठरतं.

टप्पा ४: टेपर सोडवणं

स्प्लिट पिन काढा, कॅसल नट ढिला करा पण एक-दोन आट्यांवर तसाच राहू द्या, म्हणजे सांधा एकदम सुटून अंगावर पडणार नाही. मग पुलर लावून ताण द्या. ताण बसल्यावर आर्मच्या बॉसला एका बाजूने हातोड्याचा आधार धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने एक दणका द्या. टेपर सुटला की ठणठणीत आवाज जाऊन बद्द आवाज येतो, मग अजून मारत बसायची गरज नसते.

सावधान: गॅस कटरने आर्म तापवायचा नाही. हे आर्म फोर्ज करून हीट ट्रीट केलेले असतात, तापले की ताकद जाते आणि वरून काहीच दिसत नाही. स्टडच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. वाकलेला आर्म किंवा टाय रॉड सरळ करायचा नाही, वेल्डिंग तर नाहीच. पिकल फोर्क (सांध्यात ठोकायचा पाचरीसारखा काटा) फक्त टाकून द्यायच्या सांध्यावर वापरा, तो बूट फाडतोच.

स्टड निघाला की आर्मचं भोक आतून पुसून बघा. आत पायरी पडलीय का, भोक लांबट झालंय का? झालं असेल तर नवीन एंड घालून उपयोग नाही, आर्मच बदलावा लागेल. लाल पुडीची खूण ज्या सांध्यावर दिसली होती तिथे हे जास्त नीट बघा.

टप्पा ५: किंग पिन

सगळ्यात कष्टाचं काम हेच. चाक, हब, ब्रेक सगळं उतरवा. एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेक होज ताणून लटकवू नका, तारेने वर बांधा. वरच्या-खालच्या कॅप काढा, मग ड्रॉ-की काढा. ड्रॉ-की ही पिन बीममध्ये जखडणारी टेपर खिळी असते, ती एकाच बाजूने निघते, आधी दिशा ओळखा आणि मग ठोका. बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये दोन असतात आणि उलटसुलट दिशेने बसवलेल्या असतात. एक काढून दुसरी विसरली की प्रेसखाली पिन जागची हलत नाही आणि लोक जोर वाढवत राहतात.

गंजलेली पिन घणाने काढायचा प्रयत्न करू नका. पिन कडक केलेली असते, तिचे तुकडे उडतात. प्रेस लावा, भेदक तेल मारून वेळ द्या, परत ताण द्या. प्रेसच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

पिन निघाली की बीमचं भोक स्वच्छ करा आणि नवीन पिन कोरडी घालून बघा. पिन घट्ट सरकली पाहिजे. स्वतःच्या वजनाने खाली पडत असेल तर बीम झिजलाय आणि मॅन्युअलच्या मापाबाहेर असेल तर बीम बदलण्याशिवाय मार्ग नाही. इथे शिमचा (फट भरायचा पातळ) पत्रा गुंडाळून पिन घट्ट करणारे मेस्त्री आहेत, तसं अजिबात करू देऊ नका.

नवीन बुश बसवताना ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकाशी जुळलंच पाहिजे. रीमर लागणारे बुश असतील तर वरचा आणि खालचा दोन्ही एकाच सरळ रेषेत रीम करा, एकेक वेगळा केला तर पिन तिरकी जाते. रीमर न लागणारे बुश असतील तर त्यांना रीमर लावू नका. पिन दोन्ही बुशमधून हाताने फिरली पाहिजे, तिथेच अडकत असेल तर पुढे जायचं नाही.

नकल परत चढवताना थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खालच्या बाजूला जातं आणि ते उलटं बसू शकतं. वरच्या बाजूची खूण बघा, पाणी आत शिरणार नाही अशा बाजूने सील यायला हवं. नकल खालून जॅकने बीमला दाबून धरा म्हणजे बेअरिंगजवळ फट राहणार नाही, आणि मग वरची फट फीलरने मोजून शिम ठरवा. पिनची खाच ड्रॉ-कीच्या भोकासमोर आणा, कीज ठोकून घट्ट बसवा.

तपासा: टाय रॉड जोडायच्या आधी नकल एका हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच जड लागत असेल तर तो दोष आत्ताच काढा. जड किंग पिनमुळे गाडी भटकते आणि मग दोष परत बॉक्सवरच जातो.

हब चढवल्यावर बेअरिंगचा एंड प्ले डायल गेजने मोजा, १ ते ५ थाऊच्या मध्ये पाहिजे. एबीएस सेन्सर रिंगला टेकेपर्यंत आत ढकला, नाहीतर पहिल्याच फेरीत दिवा लागेल.

टप्पा ६: टाय रॉड एंड

दोन्ही एंड एकदमच बदला. एक डाव्या आट्याचा असतो, दुसरा उजव्या, ट्यूबवर चढवायच्या आधी आटे बघून घ्या. टप्पा ३ मधलं माप धरून बसवा. एंडचे आटे ट्यूबच्या चिरेच्या पुढे आत गेलेच पाहिजेत, नाहीतर क्लॅम्प आवळूनही पकड अर्धवट राहते. हे बाहेरून दिसत नाही म्हणून बऱ्याच जणांकडून सुटतं.

टेपर आणि आर्मचं भोक दोन्ही कोरडं, स्वच्छ पाहिजे. तिथे ग्रीस, तेल, अँटी-सीझ काहीही लावायचं नाही, टेपरची पकड कोरड्या धातूवरच असते.

नट टॉर्कला आणा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे ढिला करून कधीच नाही. क्लॅम्प आवळायच्या आधी ट्यूब पुढे-मागे वळवून बघा, दोन्ही एंड दोन्हीकडे सारखेच कलले पाहिजेत. एक एंड टोकाला टेकलेला राहिला तर वळणात स्टडवर वाकण्याचा ताण येतो. क्लॅम्पचे बोल्ट पूर्ण लॉकवर (चाकं टोकापर्यंत वळवल्यावर) कशाला घासणार नाहीत असे ठेवा.

टप्पा ७: ड्रॅग लिंक आणि ड्रॉप आर्म

ड्रॅग लिंकचं एक टोक झिजलं आणि ते वेगळं मिळत नसेल तर पूर्ण लिंक बदला. अ‍ॅडजस्ट होणारी असेल तर चाकं सरळ, बॉक्स मधोमध, आणि मग लिंकची लांबी त्याला जुळवा. लिंक ओढून-ताणून बसवली तर बॉक्स मधल्या जागेपासून सरकलेला राहतो. बॉक्स मधोमध सगळ्यात घट्ट असतो, सरळ रस्त्यावर तो तिथेच हवा.

ड्रॉप आर्म फक्त पुलरने काढायचा. हातोडा मारला की तो दणका थेट बॉक्सच्या आत बेअरिंगवर जातो, सीलही जातं. स्प्लाइन साफ करा, खुणा जुळवा, नट पूर्ण टॉर्कला न्या. इथला टॉर्क फार मोठा असतो, नुसत्या एअर गनच्या अंदाजावर सोडू नका.

टप्पा ८: बॉक्स आणि शाफ्ट

सांधे सगळे नवीन झाल्यावरही प्ले असेल तर आता बॉक्सकडे या. बॉक्स बदलताना केबिनमधलं स्टेअरिंग बांधून ठेवा. शाफ्ट सुटलेला असताना कोणी चाक गरगर फिरवलं तर स्टेअरिंगखालचा क्लॉक स्प्रिंग (हॉर्न वगैरेंच्या वायरची गुंडाळी) तुटतो.

नव्या बॉक्सचे दोन्ही टोकांपर्यंतचे फेरे मोजून त्याला बरोबर मधोमध आणा. जुना पंप आतून झिजून बारीक चुरा सोडत असेल तर टाकी, फिल्टर, होज सगळं धुतल्याशिवाय नवीन बॉक्स जोडू नका, तो चुरा आधी नवीन बॉक्समध्येच जातो. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच, दोन प्रकार मिसळायचे नाहीत.

यू-जॉइंटचा पिंच बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेला पाहिजे, नट नवीन. दोन्ही यू-जॉइंटचे योक खुणेप्रमाणे एका रेषेत नसतील तर चाक फिरवताना एकदा हलकं, एकदा जड लागतं.

टप्पा ९: स्टॉप आधी, फुल लॉक नंतर

काही बॉक्समध्ये प्रेशर कापणारे पॉपेट (छोटे व्हॉल्व्ह) पहिल्या फुल लॉकला आपोआप सेट होतात, आणि एकदाच होतात. म्हणून नवीन बॉक्स बसवल्यावर इंजिन सुरू करून चाक टोकाला न्यायच्या आधी अ‍ॅक्सलचे स्टॉप बोल्ट मॅन्युअलच्या कोनाला सेट झालेले पाहिजेत. उत्साहात आधी चाक फिरवलं आणि मग स्टॉप सेट केले तर पॉपेट चुकीच्या जागी बसतात, मग प्रत्येक फुल लॉकला पंप पूर्ण प्रेशरवर राबतो आणि सगळा जोर नव्या सांध्यांवर येतो. स्टॉपला टेकायच्या थोडं आधी जोर सुटल्याचं हाताला कळलं पाहिजे. बॉक्स जुनाच ठेवला असेल आणि टायर किंवा स्टॉप बदलले असतील तरी हे परत तपासायचं.

हवा काढताना टाकी भरत राहा, चाक सावकाश फिरवा, टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तेलात फेस दिसतोय तोपर्यंत हवा आत आहे.

टप्पा १०: ग्रीस, चाकं, टो

नवीन सांध्यांना ताजं ग्रीस बूटमधून बाहेर येईपर्यंत मारा. बॉक्सच्या बेअरिंगचा निप्पल असेल तिथे फक्त हाताची गन, एअर गनचं प्रेशर सील फाडतं.

हब-पायलट (हबच्या कडेवर मधोमध बसणारी) चाकं आणि २२ मिमी स्टड असतील तर व्हील नट ६१० ते ६८० न्यूटन-मीटरला, आळीपाळीने समोरासमोरचे. ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर परत टॉर्क बघा.

टो मोजायच्या आधी गाडी थोडी पुढे चालवा, मागे घेऊ नका, म्हणजे सांधे चालत्या स्थितीत बसतात. हबच्या उंचीवर टायरच्या पुढून आणि मागून मोजा. रेडियल टायरला पुढच्या बाजूला साधारण १/१६ इंच कमी, म्हणजे दीड मिमीच्या आसपास टो-इन. टाय रॉड फिरवून सेट करा, क्लॅम्प आवळा, आणि परत एकदा मोजा कारण आवळताना ट्यूब सरकते. स्टेअरिंग तिरकं राहिलं तर ते ड्रॅग लिंकने सरळ करा, टाय रॉडला हात लावू नका. कॅम्बरसाठी (चाकाचा उभा कल बदलायला) बीम वाकवायला कोणी सांगितलं तर नको म्हणा.

सगळ्या नटांवर पेंटची रेघ मारा, नटापासून आर्मपर्यंत सलग. रिकामी गाडी चालवून बघा, दोन्हीकडे वळवून चाक सोडल्यावर ते स्वतः सरळकडे येतंय का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढतेय का. परत आल्यावर टप्पा १ पुन्हा करा, इंजिन चालू, बोट सांध्यावर. कुठलीही रेघ तुटलेली दिसली तर तो नट परत टॉर्कला आणल्याशिवाय ट्रेलर जोडू नका.